खाच घासायची नाही

अक्का,

कुऱ्हाडीनं मेली नाहीस आणि तापानं मेलीस. याचा मला असा राग आलाय की तू समोर असतीस तर तुझ्या झिंज्याच धरल्या असत्या. ज्या दिवशी सगळी वस्ती म्हणत होती की गयाबाई आता वाचत नाही, त्या दिवशी उठून बसलीस आणि पाणी मागितलंस. आणि ऐन कोर्टाची तारीख तोंडावर आली तेव्हा गेलीस. मला विचारायचं तरी. जावा-जावा म्हणून एवढी वर्षं एका चुलीवर काढली, एका मशीनवर काढली, आणि जाताना धड एक शब्द बोलली नाहीस. तापात बडबडत होतीस तेही काय, तर "शांते, चाक उलटं फिरवू नको." मेलं ते चाक!

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी लोक तुझ्याबद्दल लय चांगलं बोलले. कोणी म्हणालं सोशीक होती, कोणी म्हणालं गरीब गाय होती. मला भर माणसांत हसू फुटलं. तुझ्या दिरानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, मला कोपर मारलं. गरीब गाय म्हणे! कापड मोजायच्या लाकडी गजानं माझ्या पोटऱ्या सुजवणारी बाई ही. मी फेकलेली कातर दाराच्या चौकटीत रुतली तेव्हा ती उपसून, "धार चांगलीय" म्हणून परत कापायला बसणारी बाई ही. माझं नाव शांता, त्यावरून तू मला किती छळलंस. "तुह्या बापानं नाव ठेवताना डोळे मिटले होते का गं?" असं बाजारात चारचौघींत विचारायचीस. आता कोण विचारणार? कोणाचं एवढं धाडस आहे?

दुष्काळात खडी फोडून तू ती मशीन घेतलीस. तुझे मालक, आमचे दादा, गेल्यानंतर तुला लेकरूबाळ नाही, शेत नाही, आमच्या घरात एका कोपऱ्यात पडून राहिली असतीस तर कोणी हाकललं नसतं. पण हातोडा मारून मारून तळहाताची सालटं गेलेली असताना तू झरीच्या बाजारात खलीलमामू शिंप्यासमोर जाऊन बसलीस आणि त्याची जुनी हातमशीन मागितलीस. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्या हातानं कापड सरकवायचं, अशी ती मशीन. मामूनं आधी तुला उडवून लावलं, मग चिडवलं, मग शिकवलं. त्याचं एक पक्कं होतं. दोरा तुटला, खाली गुच्छा आला, टाका सुटला, काहीही झालं तरी तो ओरडायचा, "पेंच को हात नक्को लगाव! पहले दोरा निकाल के फिर से पिरोव!" सगळा दोरा काढायचा. दाबायचा पाय वर उचलायचा, म्हणजे दोरा ताणाच्या चकत्यांमधे नीट बसतो. पुन्हा ओवायचा. तरी तुटला तर सुई बघायची, वाकडी आहे का, उलटी बसलीय का. मग बॉबीन. मग पत्र्याखाली साचलेला कापसाचा केर. सगळं करून झालं तरच ताणाच्या स्क्रूला हात.

आणि मी काय करायची? दोरा तुटला की पहिल्यांदा तो स्क्रूच पिळायची. रागानं. तू माझ्या बोटांवर चापट मारायचीस. खाली दोऱ्याचं जाळं झालं की मी बॉबीन उपसून आपटायची, आणि तू म्हणायचीस, "अगं बये, खाली गुच्छा दिसला की चूक वरच्या दोऱ्याची असती. खालचीला कामून मारायलीस?" मला हे कधीच पटलं नाही. जिथं घाण दिसते तिथंच झाडू मारणारी मी.

पण तेव्हा मशीन तुझी एकटीची होती. माझं काम काजं करण्याचं आणि हूक लावण्याचं. गावातल्या बायका चोळ्या, झंपर तुझ्याकडंच टाकायच्या. टाकायच्या हाच शब्द खरा. मळ्यातल्या घरच्या बाया आपल्या अंगाला तुझी मापाची पट्टी लागू द्यायच्या नाहीत. मापाचा जुना झंपर आणि नवं कापड एकत्र गुंडाळायच्या आणि ओट्यापासून चार हात लांब उभं राहून भिरकवायच्या. तू झेलायचीस. शिवून झालं की ओट्याच्या टोकावर ठेवायचीस, त्या उचलून न्यायच्या. गावात तीच रीत होती, मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. काम मिळायलंय ना, मग बास.

मग एक दिवस त्याच मळ्यातल्या घरच्या उत्तमच्या आईनं कापड भिरकावलं आणि तू झेललं नाहीस. ते मातीत पडलं. तू टाका घालत राहिलीस. ती म्हणाली, "अगं, उचल की." तू मान वर न करता म्हणालीस, "हातात द्या काकू. हात हाय मला." मी आत भाकरी थापत होते, माझा हात तव्यावर टेकला. ती बाई शिव्या देत निघून गेली. कापड तिथंच. दुपारी कोणाची तरी शेळी त्याच्यावरून गेली, संध्याकाळी वासरानं त्याला चघळलं, आणि तू त्याला हात लावला नाहीस. मी तुझ्या पाया पडले. "उचल गं माय, कापडाला काय लागतंय?" तू म्हणालीस, "कापडाला काय लागत न्हाई. मला लागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तम आला. बरोबर दोघं. त्या दोघांची तोंडं आठवत नाहीत, उत्तमचं आठवतं. पांढरा सदरा, दाढी नुकतीच केलेली, आणि खांद्यावर कुऱ्हाड. तू ओट्यावर शिवत होतीस. "आईचं कापड मातीत लोळवतीस काय गं?" म्हणाला आणि घाव घातला तो मशीनवर. लोखंडावर लोखंड आपटलं, मशीन ओट्यावरून खाली कोलमडली. तू ओरडली नाहीस. खाली उडी मारून मशीनवर उजवा हात पसरलास, जसं काही तो हात कुऱ्हाडीला अडवणार होता. उत्तमनं कुऱ्हाड फिरवली, पातं वर घेतलं आणि मागच्या बाजूनं, तुंब्यानं, तुझ्या मनगटावर घाव घातला. तो आवाज मी सांगणार नाही. मी मुसळ घेऊन धावले, पण ह्यांनी मला कमरेला मिठी घातली. "आपली लेकरं हायत, शांते, आपली लेकरं हायत!" मी ह्यांच्या हाताला चावले. रक्त येईस्तोवर चावले. तरी ह्यांनी सोडलं नाही. उत्तम आणखी दोनदा मारून गेला, आणि जाताना ते कापडही उचलून नेलं.

हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या पट्ट्या बांधल्या. हाड बसलं, पण वाकडं बसलं. मनगटापासून हात बाहेरच्या बाजूला वळला आणि बोटं अर्धी मिटलेली राहिली. हात अजून पट्ट्यांत होता तेव्हाच ठाण्यातला जमादार पंचनाम्याला आला. मशीनच्या अंगावर काळा रंग उडून आतलं पांढरं लोखंड दिसत होतं, लांबलचक घाव. जमादार म्हणाला, "बाई, ही मशीन मुद्देमाल हाय. जप्त करावी लागंल." आणि तू, हात गळ्यात बांधलेला, तोंड सुजलेलं, सरळ जाऊन त्या मशीनवर बसलीस. खरोखरीची बसलीस! "मला बी जप्त करा मंग. दोघी बी एकाच कुऱ्हाडीच्या हावोत." जमादार चांगला होता बिचारा. त्यानं मशीन तुझ्याकडंच ठेवली, पण अट घातली. कोर्ट मागेल तेव्हा आणून दाखवायची, आणि तोवर आहे तशी ठेवायची. दुरुस्ती करायची नाही.

झालं! जमादार बोलला ते तुला पंचशीलानंतरचं सहावं शील झालं. मशीनला तेल घालायचं तर ते दुरुस्तीत येतं का, हे विचारायला तू मोडका हात घेऊन ठाण्यात चालत गेलीस. मी बरोबर होते, मला लाजेनं मेल्यासारखं झालं. जमादारानं कपाळाला हात लावला. "बाई, तेल घाला, तूप घाला, पण मला जेवू द्या."

उजवा हात गेला म्हणून दांडा मी धरला. मी फिरवायचं, तू डाव्या हातानं कापड सरकवायचं. दोन बायका मिळून एक शिंपी. गावातून काम येणं बंदच झालं होतं, आपल्याला कोणी खुरपायलाही बोलवेना, म्हणून आपण झरीच्या बाजारात खलीलमामूच्या शेजारी पोतं टाकून बसू लागलो. लोक तमाशा बघायला जमायचे. मला राग आला की दांडा मधेच थांबायचा आणि चाक अर्धा आटा मागं जायचं. चाक मागं गेलं की खाली गुच्छा. गुच्छा झाला की तू डाव्या हातानं मला जी जवळ असेल ती वस्तू मारायचीस. "उलटं फिरवलंस! पुन्यांदा उलटं फिरवलंस!" मी म्हणायची, "तूच कापड ओढतीस, सुई वाकवतीस." दोघींचंही खरं होतं. पण हे मी तुला कधी म्हटलं नाही, आणि तू मला.

दोरा मात्र काही केल्या टिकेना. गुच्छा नाही, टाका सुटत नाही, आणि तरी वीतभर शिवलं की तट्. ओवून बघितला, सुई बदलली, रीळ बदललं, स्क्रू सैल केला, मामूचे सगळे मंत्र म्हणून झाले. तुटायच्या आधी दोरा लवाळ व्हायचा, त्याला केस फुटायचे. तेव्हा तू शेजारच्या बाईच्या पाटीतून चिमूटभर कापूस घेतलास आणि जिथून जिथून दोरा जातो, त्या प्रत्येक भोकावरून, प्रत्येक कडीवरून तो कापूस हळूहळू फिरवलास. डोळे मिटून. वर-खाली होणाऱ्या दांडीच्या भोकापाशी कापूस अडकला. त्या भोकाच्या काठाला एक बारीक खाच होती. कुऱ्हाडीचं पातं घसरत गेलं होतं ते तिथपर्यंत. तू खाचेवर बोट ठेवलंस आणि हसलीस. काय बाई होतीस! मला वाटलं होतं आता रडशील.

खलीलमामू उठला, "दो मिनट का काम है, काचकागद मारा तो खतम." आणि तू मशीन पोटाशी धरलीस. "खाच घासायची न्हाई. कोर्टानं बघितल्याबिगर न्हाई."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते अजून संपलं नाही, अक्का. तू मेलीस म्हणून ते संपलं असं मी मानत नाही. वंदनेला लावलेल्या मेणबत्तीचं बूड उरलं की तू जपून ठेवायचीस आणि त्याच्यावरून दोरा ओढून घ्यायचीस, म्हणजे खाचेतून जरा सरळ जाईल. जाड सुई लावायचीस. मला बैलगाडीच्या चालीनं चाक फिरवायला लावायचीस. एवढं करून तो तुटायचाच. मी म्हणायची, "कोर्टाला तेवढी चिमुकली खाच दिसंल का? अंगावरचा घाव हाय की ढळढळीत, तो दाखव. खाचेपायी माहे लेकरं उपाशी ठेवतीस का?" आणि मग माझं दुसरं तुणतुणं, की केस मिटवून टाक. ह्याच गावात राहायचंय, ह्याच विहिरीचं पाणी प्यायचंय. तू म्हणायचीस, "मिटवायला ते काय पाटीवर लिवलेलं हाय?"

वस्तीतल्या एका नवरीच्या झंपराच्या वेळी तर हद्द झाली. वऱ्हाड निघायला आलेलं, आणि दोरा तट्, तट्, तट्. मी मामूकडून काचकागद आणलाच होता, तुझ्यादेखत काढला आणि म्हणाले, "आता घासते. काय करायचं ते कर." तू डाव्या हातानं माझे केस धरून मला भिंतीवर आदळलंस. मी तुझ्या कानाखाली वाजवली. तू पडलीस, नेमकी त्या हातावर पडलीस, आणि जे किंचाळलीस ते मी मनगटावर घाव पडला तेव्हासुद्धा ऐकलं नव्हतं. नवरीची आई पळून गेली. माझ्या कपाळातून रक्त येत होतं. मला त्या मारल्याचं वाईट वाटत नाही, तूही काही कमी मारलं नाहीस. पण तू जमिनीवर पडल्या पडल्या जे बोललीस त्याला मी उत्तर दिलं नव्हतं. तू म्हणालीस, "समदे म्हंतेत, झालं गेलं इसर. हात तर वाकडा का होईना, चालायला लागला. खाच बी गेली तर एक दिवस मलाच वाटंल, की काय झालंच नव्हतं."

मी काचकागद चुलीत टाकला. झंपर हातानं शिवून दिला. पण "तुझं बरोबर आहे" एवढं मी म्हटलं नाही. आज म्हणते. तुझं बरोबर होतं, अक्का. आणि तुझ्यामुळं माझ्या हाताला धंदा आला, तोंडाला शब्द आला, हेही आज म्हणते. ऐकायला तू नाहीस, यावर डोकं आपटावंसं वाटतं.

तू गेलीस त्या आठवड्यात उत्तमचे चुलते आले. म्हातारा माणूस, पांढरी टोपी, बोलणं गूळ. ओट्याखाली उभे राहिले. म्हणाले, बाई चांगली होती, देवाची मर्जी, आता भांडणारंच माणूस राहिलं नाही तर भांडण कशाला ठेवता. शांताबाईनं साक्षीला जाऊ नये. नवी कोरी पायमशीन घेऊन देतो. ती जुनी तेवढी आम्हाला द्या, भंगारच आहे. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं की ह्यांना ते पटायलंय. आणि खरं सांगू? मलाही पटत होतं. तू जिवंत असताना मी हेच तर मागत होते! नवी मशीन, न तुटणारा दोरा, विहिरीवर खाली घालावी न लागणारी मान. मी "बरं" म्हणायला तोंड उघडलं.

तेवढ्यात ते म्हणाले, "पोरांना कापड आणलंय," आणि काखेतली घडी काढून तिथूनच भिरकावली.

माझे हात आपोआप पुढं झाले. मी झेललं. आणि झेलल्यावर माझ्या अंगातून अशी आग गेली की काय सांगू तुला. मी ती घडी म्हाताऱ्याच्या तोंडावर मारली. टोपी उडाली. "हातात दे!" मी ओरडले. "हात न्हाईत का तुला, भाड्या? आमची अक्का मेली, आमचे हात मेले न्हाईत!" ह्यांनी मला पुन्हा कमरेला धरलं. पण या वेळी धरून ठेवलं नाही. लगेच सोडून दिलं, आणि स्वतःच म्हाताऱ्याला म्हणाले, "काका, तुमी जावा आता."

परवा तारीख झाली. मशीन फडक्यात बांधून मी आणि हे एसटीनं परभणीला गेलो. शिपायानं बाहेर येऊन तुझं नाव पुकारलं. गयाबाई हाजीर हो. पुन्हा पुकारलं. मी आत जाऊन म्हणाले, ती मेली, मी तिची जाऊ, मी बघितलंय. मशीन टेबलावर ठेवली. जज्जसाहेबांनी वाकून मोठा घाव बघितला. खाच मी दाखवली, तीही बघितली, आणि कारकुनाला काहीतरी लिहायला सांगितलं. एवढंच. जिच्यासाठी आपण एकमेकींची डोकी फोडली, तिच्याकडं बघायला त्यांना एक श्वास पुरला.

मग उत्तमचा वकील उठला. "याच मशीनवर तुम्ही झरीच्या बाजारात शिवत होता ना?"

"व्हय."

"म्हणजे मशीन चालू होती."

"व्हती."

"मग मोडलं काय?"

मी मशीनकडं बोट दाखवायला गेले आणि तेव्हा मला कळलं. अक्का, आपण किती वेड्या! मशीन जपली, खाच जपली, तेल घालायचं तर जमादाराला विचारलं. आणि जे मोडलं होतं, जे कोर्टाला दाखवायचं होतं, ते आम्ही चितेवर ठेवून जाळून आलो. मीच लाकडं रचू लागले होते. मीच तो हात छातीवर सरळ करायला बघत होते आणि तो होत नव्हता.

वकील म्हणाला, "बोला बाई, मोडलं काय?"

मी माझा उजवा हात वर केला. मनगटापासून बाहेर वळवला, बोटं अर्धी मिटली, तुझी मिटायची तशी. मला कोणी शिकवावं लागलं नाही, किती दिवस शेजारी बसून तोच हात बघितला होता. "हे मोडलं," मी म्हणाले. "कुऱ्हाडीच्या तुंब्यानं. आनि मोडणारा तो बसलाय, उत्तम."

मनगट दुखायला लागलं, तरी मी हात तसाच धरला. साहेब सावकाश म्हणाले, "समजलं, बाई. हात खाली घ्या."

मी घेतला नाही.